भाऊसाहेब, इस्रोचा फॉर्म आलाय का?

माण तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे. मुलं मला भाऊसाहेब म्हणतात. बोनाफाईड, शाळा सोडल्याचे दाखले, जनरल रजिस्टर, पगारबिलं आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म ही माझी कामं. विज्ञान शिकवणारे सर वेगळे. मी मुलांच्या जन्मतारखा सांभाळतो. त्यामुळे अंतराळ या विषयावर मी काही लिहीन अशी अपेक्षा कोणी केली नसेल. पण अंतराळाचं वेड लागलेल्या मुलांसाठी कोणत्या योजना आहेत, त्या कशा चालतात आणि मुलापर्यंत येता येता नेमक्या कुठे अडकतात, हे वर्गातल्या फळ्यापेक्षा माझ्या टेबलावरून जास्त स्पष्ट दिसतं.

वेड भरपूर आहे, हे आधी सांगतो. आमचा मुलुख दुष्काळी. पाऊस कमी, म्हणून वर्षातले आठ-नऊ महिने आभाळ लख्ख. मेंढरांबरोबर वाड्यावर झोपणाऱ्या घरातली मुलं शाळेत येण्याआधीच तिकांडं आणि बाज ओळखतात. पुस्तकात त्याला मृग आणि सप्तर्षी म्हणतात एवढंच त्यांना नवीन असतं. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा शाळा सुटून तास झाला होता आणि तरी एकही पोरगं घरी गेलेलं नव्हतं. एरवी घंटेच्या आधी दप्तर भरणारी जात ती. मग जून-जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले आणि पुन्हा एकदा वह्यांच्या मागच्या पानांवर रॉकेटं उगवली.

आता या मुलांना विचारा, कुठे जायचंय? अजूनही निम्मी पोरं म्हणतात, नासात. कारण नासा हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला असतो. त्यांना मी सरळ सांगतो, बाबा रे, नासाच्या नेहमीच्या इंटर्नशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि भारतातल्या शाळकरी मुलांसाठी नासाची कुठलीही भरतीपरीक्षा नाही. हे सांगावं लागतं, कारण या नावावर माणसं फसतात. २००५ साली उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातला एक मुलगा नासाच्या परीक्षेत जगात पहिला आला अशी बातमी देशभर झळकली. तीच परीक्षा पूर्वी अब्दुल कलाम यांनी दिली होती म्हणे. आमदारांनी एक दिवसाचा पगार त्याला द्यायचं ठरवलं. मग राष्ट्रपती भवनातून खुलासा आला की कलामांनी अशी परीक्षा कधी दिलेलीच नाही, आणि नासाने सांगितलं की अशी परीक्षा आम्ही घेतच नाही. राज्याच्या विधिमंडळाची ही गत, तर पालकांना काय बोल लावायचा?

आमच्या कार्यालयातही अधूनमधून एखादा टाय लावलेला माणूस गुळगुळीत पत्रकं घेऊन येतो. नासा दर्शन, प्रमाणपत्रासह, फी लाखांत. ती सहल आहे. ज्याला परवडते त्याने खुशाल जावं. पण शिष्यवृत्ती म्हणून कोणी ती गळ्यात मारत असेल, तर त्याला मी चहासुद्धा विचारत नाही. सहल घडवायचीच तर २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने घडवायचं ठरवलं तशी. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने परीक्षा घेतली, जिल्हा परिषदेच्या शाळांतलीच मुलं निवडली आणि इस्रो-नासाच्या दौऱ्याचा खर्च पालकांवर टाकला नाही. त्याच्याही आधी कल्पना चावलाने हे केलं होतं. हरियाणातल्या कर्नालच्या टागोर बाल निकेतन या तिच्या जुन्या शाळेतली दोन मुलं १९९८पासून दर उन्हाळ्यात नासाच्या कार्यक्रमाला जात. अंतराळात जाऊन आल्यावर बाईला आपली शाळा आठवली. माजी विद्यार्थी मेळाव्याला पंखा भेट देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तर मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या नववीच्या मुलांसाठी इस्रोचा स्वतःचा कार्यक्रम आहे, त्याचं नाव युविका. पूर्ण नाव युवा विज्ञानी कार्यक्रम. २०१९च्या मे महिन्यात तो सुरू झाला, तेव्हा प्रत्येक राज्यातून तीन मुलं घ्यायची असं ठरलं होतं आणि एकूण १११ मुलं गेली. करोनामुळे दोन वर्षं खंड पडला. २०२२ला १५३ मुलं गेली, २०२३ला ३३७. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे मुलांनी इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहायचं: तिरुवनंतपुरम, बंगळूर, अहमदाबाद, हैदराबाद, शिलाँग, डेहराडून किंवा श्रीहरिकोटा. शास्त्रज्ञांची व्याख्यानं, प्रयोगशाळा, छोटी रॉकेटं बनवून उडवणं, रात्री दुर्बिणीतून आकाश. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळा खर्च इस्रोचा. मुलाला जाण्यायेण्याचं रेल्वेचं सेकंड एसीचं भाडं मिळतं, आणि त्याला सोडायला-आणायला जाणाऱ्या एका पालकालाही मिळतं. ही शेवटची ओळ मी पालकांना दोनदा वाचून दाखवतो. पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही.

निवड कशी होते ते बघण्यासारखं आहे. सध्याच्या पद्धतीत शंभरातले पन्नास गुण आठवीच्या टक्क्यांचे. दहा ऑनलाईन प्रश्नमंजूषेचे. विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर शाळा पातळीचे दोन, जिल्ह्याचे पाच, राज्याचे दहा. ऑलिंपियाडला पाचपर्यंत, खेळाला पाचपर्यंत, स्काऊट-गाईड, एनसीसी किंवा एनएसएसला पाच. आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या शाळेत शिकत असेल तर पंधरा. पंधरा म्हणजे किती, ते हिशेबाने बघा. साताऱ्याच्या शाळेतल्या मुलाला आठवीत ९६ टक्के आणि आमच्या मुलाला ७० टक्के असतील, तर त्या पन्नास गुणांमध्ये दोघांत फरक पडतो तेरा गुणांचा. पंधरा गुण तो फरक भरून काढतात आणि वर दोन उरतात. ज्या कोणी हे कोष्टक बनवलं त्याला खेड्यातली शाळा आतून माहीत असावी. दहिवडीला आता नगरपंचायत आहे, म्हसवडला नगरपालिका. आमच्या गावाला अजून ग्रामपंचायतच. एरवी आम्ही याला मागासलेपण म्हणतो, या फॉर्मवर त्याचे गुण मिळतात.

पण गुण आपोआप मिळत नाहीत. कागद लागतो. इथून माझं खातं सुरू होतं.

फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चात निघतो. त्याच वेळी दहावीची बोर्डाची परीक्षा चालू असते, आमची शाळा केंद्र असते, बैठक व्यवस्थेपासून पाण्याच्या जारपर्यंत सगळं कार्यालयाच्या डोक्यावर. नववीच्या मुलाकडे बघायला कोणाला सवड नसते. अशाच एका मार्चात नववीतली एक मुलगी दारात उभी राहिली. परीक्षेचे गठ्ठे चालले होते म्हणून शिपाईमामा तिला हाकलत होते. ती म्हणाली, "भाऊसाहेब, इस्रोचा फॉर्म आलाय का?" फॉर्म येत नसतो, तो भरायला आपण जायचं असतं, हे तिला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की शेवटची तारीख जवळ आलीय.

दहावीचा पेपर सुटल्यावर आम्ही बसलो. पहिली अडचण आठवीच्या टक्क्यांची. आपल्याकडे तेव्हा आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकावर श्रेणी मिळायची, अ-१, अ-२, ब-१. आणि फॉर्म टक्के मागतो. मुलीकडे टक्के नव्हतेच. ते असतात कार्यालयातल्या मोठ्या निकालपत्रकात, आकारिकचे वेगळे, संकलितचे वेगळे, आणि बेरीज ज्या शिक्षकाने केली त्याच्या हस्ताक्षरात. कपाटातून ते भलंमोठं पत्रक काढलं, टेबलावर मावेना म्हणून जमिनीवर पसरलं, पट्टी लावून तिची ओळ धरली आणि विषयवार बेरीज केली. हेडसरांनी तपासून सही-शिक्का दिला. ज्या शाळेत ते पत्रक सापडत नाही, तिथल्या मुलाचे पन्नास गुण अडकले म्हणून समजा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर वडिलांच्या नावापुढे 'राव' नाही, जनरल रजिस्टरला आहे. तिसरी प्रमाणपत्रांची. ती तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरी आली होती. पण फॉर्मवर शाळा, जिल्हा आणि राज्य एवढेच टप्पे, तालुका नाही. म्हणजे तिला शाळा पातळीचे दोनच. त्यासाठी तरी प्रमाणपत्र हवं, तर ते आईने चौकटीत बसवून देवघराच्या वर लावलेलं. चौकटीच्या मागचे खिळे चिमट्याने काढून कागद बाहेर काढला, स्कॅन केला आणि पुन्हा बसवून दिला. ती आरएसपीत, म्हणजे रस्ता सुरक्षा दलात होती. शिट्टी, पट्टा, कवायत सगळं केलं होतं. पण यादीत आरएसपीचं नाव नाही. हा शोध लागल्यावर तिचा जेवढा चेहरा उतरला तेवढा टक्के बघूनही उतरला नव्हता.

तेव्हापासून दोन गोष्टी मी शाळेत सुरू केल्या. शाळा पातळीवर जे प्रदर्शन होतं त्याची प्रमाणपत्रं, नंबर आला नाही तरी, भाग घेणाऱ्या सगळ्यांना छापून द्यायची आणि त्याची नोंद जावक रजिस्टरला ठेवायची. पूर्वी आम्ही फक्त टाळ्या द्यायचो. आणि दुसरी म्हणजे आठवीच्या निकालाच्या वेळीच टक्क्यांचा दाखला करून मुलाच्या फाईलला लावायचा. मागच्या तीन वर्षांतली प्रमाणपत्रं चालतात, म्हणजे सातवीत केलेलं पाणी शुद्धीकरणाचं मॉडेलही नववीत कामाला येतं. हे सातवीतल्या मुलाला कळत नाही, त्याच्या पालकांना तर नाहीच.

ती मुलगी निवडली गेली. केंद्र मिळालं तिरुवनंतपुरम.

आता कोणाला वाटेल की इतक्या लांब पोरीला पाठवायचं म्हटल्यावर घरचे घाबरले असतील. पण आमच्या भागातलं एक वैशिष्ट्य बाहेरच्यांना माहीत नसतं. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. आणि त्यासाठी माणसं काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेली. या मुलीचा चुलता एर्नाकुलमला. त्यामुळे केरळ म्हणजे आईला परदेश वाटला नाही. तिची काळजी वेगळीच होती. "भाऊसाहेब, तिथं नुसता भातच असतोय म्हणं. पोरीला भाकरीबिगर झोप येत नाही." वडिलांना वाटत होतं की सेकंड एसीचं तिकीट आधी आपण काढायचं आणि मग पैसे बुडायचे. त्यांना मी एकच दम दिला: तिकीट फेकू नका, फाडू नका, खिशात घालून धुवायला टाकू नका. सरकारी पैसा तिकिटाच्या मागून येतो.

परत आल्यावर हेडसरांनी तिला परिपाठात बोलायला उभं केलं. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्याचं चर्च तिने पाहिलं होतं. मेरी मॅग्डलिनचं ते चर्च. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचं पहिलं कार्यालय तिथेच होतं, आज तिथे संग्रहालय आहे. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला ती जागा सोयीची. विक्रम साराभाईंनी बिशप पीटर बर्नार्ड परेरांकडे ती मागितली, आणि कोळ्यांच्या त्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ला अमेरिकेहून आलेलं नायकी-अपाची हे पहिलं रॉकेट उडालं. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत, त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मुलांना सगळ्यात आवडलं ते हे सायकलचं. कारण सायकल त्यांच्याकडे आहे.

ती स्वतः मात्र सर्वांत जास्त बोलली ते चाचण्यांबद्दल. उपग्रह वर पाठवण्याआधी त्याला यंत्रावर बसवून मुद्दाम गदागदा हलवतात, कारण रॉकेटवर चढताना तो तसाच हलणार असतो. मग निर्वात खोलीत घालून तापवतात आणि गोठवतात. शीतपेयाच्या डब्याएवढा एक नमुन्याचा उपग्रह तिच्या गटाने जुळवला होता, त्याला कॅनसॅट म्हणतात. आत तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, पॅराशूट आणि माहिती खाली पाठवणारा छोटा ट्रान्समीटर. एका पोराने विचारलं, "पडला का?" ती म्हणाली, "पाडायचाच असतो. पडता पडता मोजायचं असतं."

इथे माझं मत सांगून टाकतो. दोन आठवड्यांनी कोणी शास्त्रज्ञ होत नाही. युविकाचे दहावीला गुण नाहीत, पुढे कुठे राखीव जागा नाही, नोकरीची हमी तर नाहीच. मूल परत येतं ते पुन्हा त्याच बाकावर. तरीही मी या कार्यक्रमाला पैशांच्या शिष्यवृत्तीपेक्षा कमी मानत नाही. त्या मुलीच्या घरात दहावीनंतर लग्नाचं बघायचं अशी कुजबूज होती, ती थांबली. कोणी समजूत घातली म्हणून नव्हे. इस्रोच्या शिक्क्याचं पत्र घरात आलं, गावात फ्लेक्स लागला, आमदारांनी शाल दिली. आता तिचं शिक्षण बंद करायचं म्हणजे गावाला तोंड द्यायचं. फ्लेक्सबाजीचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पैशांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याची सुरुवात आठवीत होते. एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर. पास होऊन कोट्यात बसला तर नववी ते बारावी महिना हजार रुपये, वर्षाला बारा हजार, थेट मुलाच्या खात्यात. मराठा-कुणबी मुलं पास होऊनही कोट्यात बसली नाहीत, तर त्यांना सारथी या सरकारी संस्थेकडून वर्षाला ९६०० मिळतात. अंतराळाशी याचा काय संबंध? बारा हजारांत आमच्याकडे एसटीचा पास, वह्या, सायन्सच्या क्लासची फी आणि रात्री अभ्यासाला इन्व्हर्टरची बॅटरी एवढं बसतं. हे नसेल तर चांद्रयान राहू दे, अकरावीला सायन्सची पायरीसुद्धा चढता येत नाही. आणि मुलं गळतात कुठे, तर परीक्षेत नाही, दरवर्षीच्या नूतनीकरणात. दहावीनंतर मूल दुसऱ्या गावच्या कॉलेजात जातं. पहिल्या शाळेला वाटतं ते आता कॉलेजचं काम, कॉलेजला ही शिष्यवृत्ती माहीतच नसते. पोर्टलची तारीख निघून जाते आणि पुढचे हजार-हजार रुपये तिथेच संपतात. म्हणून अकरावीला गेलेल्या मुलांना मी जुलैपासून फोन करतो. त्यांना वाटतं भाऊसाहेबांना दुसरं काम नाही.

मोठ्या माणसांच्या चरित्रातही पैशाचं हे पान असतंच, आपण ते भरभर उलटतो. कलामांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला तेव्हा भरायला हजारेक रुपये नव्हते. जोहरा या त्यांच्या बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. त्या सोडवायच्या तर शिष्यवृत्ती मिळवली पाहिजे, या ईर्षेने कलाम अभ्यासाला लागले, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. साताऱ्याच्या माणसाला इथे दुसरं नाव आठवल्याशिवाय राहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. सरकारी योजना सुरू व्हायच्या आधी शिष्यवृत्ती ही बायकांच्या अंगावर असायची. जयंत नारळीकरांचं घर विद्वानांचं, वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. तरी १९५७ला केंब्रिजला जाताना त्यांनाही जे. एन. टाटा शिष्यवृत्ती लागली. १८९२पासून चालत आलेली ही शिष्यवृत्ती कर्जाऊ असते. कोल्हापुरात जन्मलेला तो मुलगा पुढे केंब्रिजहून परत आला आणि पुण्यात आयुका उभी करून बसला. टाटांचं व्याज वसूल झालं म्हणायचं.

आता अकरावी-बारावीपुढचं. इस्रोला स्वतःच्या घरची माणसं तयार करायची होती, म्हणून २००७ साली तिरुवनंतपुरमला आयआयएसटी ही संस्था काढली. पहिले कुलपती कलाम. एरोस्पेस आणि एव्हिऑनिक्समध्ये बीटेक, शिवाय पाच वर्षांचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम. सुरुवातीच्या तुकड्यांचा सगळा खर्च अवकाश विभागाने केला आणि बदल्यात इस्रोत पाच वर्षं नोकरीचा बाँड घेतला. आता फी आहे, इस्रोतली नोकरी गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून. तिथल्या गुणवंत मुलाला अमेरिकेतल्या कॅलटेकला पाठवणारी एक शिष्यवृत्तीही आहे, सतीश धवन यांच्या नावाची. धवन तिथेच शिकले होते. पण आयआयएसटीचा दरवाजा जेईई ॲडव्हान्स्डमधून उघडतो, आणि जेईईचे क्लास लातूर-पुण्यात. इथे इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या सरकारी संस्थेचं मोफत ऑनलाईन प्रशिक्षण आहे, त्यात टॅब आणि रोजचा डेटा मिळतो. आमच्याकडच्या मेंढपाळांच्या मुलांना ते लागू आहे. टॅब मिळाला म्हणजे जेईई निघाली असं नाही. आमच्या वाड्यावस्त्यांवर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

म्हणून मला सगळ्यात जास्त चीड येते ती अंतराळ म्हणजे अंतराळवीर आणि शास्त्रज्ञ, बाकी शून्य, या समजुतीची. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत. वसंत गोवारीकर रसायन अभियंता होते, आणि रॉकेटच्या घन इंधनावर काम करत करत विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इस्रोची केंद्रं टेक्निशियन-बी या पदाची जाहिरात काढतात. शिक्षण दहावी आणि आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक. प्रथम श्रेणीचा डिप्लोमा असेल तर टेक्निकल असिस्टंट. रॉकेटचे सांधे कोणीतरी जोडतंच ना? विज्ञानाच्या व्याख्यानाला येणारा एकही पाहुणा मुलांना हे सांगत नाही. सगळे आकाशाला गवसणी घालायला सांगतात आणि गाडीत बसून निघून जातात.

तर आता नोटीसबोर्डाच्या एका कोपऱ्यात युविकाची, एनएमएमएसची आणि महाज्योतीची माहिती असते, आणि दुसऱ्या कोपऱ्यात अशी जाहिरात आली की तिची प्रत. ती युविकाची मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित बरं, रसायन बेताचं. जेईईचा अभ्यास करते, पण आयआयएसटीला लागेलच असं मी कोणाला छातीठोक सांगणार नाही, तीही सांगत नाही. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे दहावीत आहे, अभ्यासात मागे, हाताने मात्र पंप खोलून जोडतो. मागच्या आठवड्यात वडील कार्यालयात येऊन बसले. म्हणाले, ताईचं झालं भाऊसाहेब, या दिवट्याचं इस्रोत काही होतंय का बघा. मी त्यांना नोटीसबोर्डापाशी नेलं, जाहिरातीची प्रत दाखवली आणि म्हटलं, होतंय की. त्याला आधी विचारून या, फिटर व्हायचंय का टर्नर. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात, तेव्हा निकालाच्या दिवशी गावजेवण घालत बसू नका.